टॉवरच्या टप्प्यात

१२ जानेवारी
बितुंग बंदर

मनोंग तिनो,

सोमवारी, ३ फेब्रुवारीला, संध्याकाळी पाच ते पावणेसहा मी आपल्या गावासमोर असेन.

हे पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण पुढचं तू वाचशील याची खात्री नाही. परक्या देशाचं तिकीट लावलेला लिफाफा तू न फोडताच चुलीत घातला असतास. म्हणून मांबुराओचा नेस्तोर रजेवर घरी चाललाय त्याच्या हाती हे देतोय. दारात आलेल्या माणसाला तू पाणी देणारच. तो पाणी पिईपर्यंत एक ओळ तरी वाचून होईल.

आमचं जहाज आता हाँगकाँगहून खाली या बेटांपर्यंत येतं आणि परत जातं. खाली येताना दर दुसऱ्या सोमवारी मिंदोरोच्या पश्चिम किनाऱ्याने जातं. चॅपेलमागच्या टेकडीवर दोन वर्षांपूर्वी टॉवर उभा राहिला, असं पुरिंगने बहिणीच्या मायेने कळवलं होतं. तो टॉवर मला जहाजावरून पकडता येतो.

मधल्या समुद्रात जहाजाचा स्वतःचा टॉवर असतो. फोन त्याला चिकटला की एका मिनिटाच्या बोलण्यात आमची अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. प्रवाशांचंसुद्धा तेच होतं. नातवाचा एक फोटो उघडला म्हणून एक म्हातारी मागे काउंटरवर रडत होती. म्हणून सगळे फोन फ्लाइट मोडवर ठेवतात. किनारा जवळ आला की जहाजाला आपला टॉवर बंद करावा लागतो. तेवढ्या वेळात फ्लाइट मोड काढायचा, इंटरनेट बंदच ठेवायचं, आणि फोनला त्याच्या मनाने काही निवडू द्यायचं नाही. यादी उघडून आपल्या देशाच्या कंपनीचं नाव स्वतःच्या बोटाने निवडायचं. मग रोमिंग लागत नाही. घरच्या अंगणात उभं राहून बोलावं तसं बोलता येतं. जुनं सिम मी जिवंत ठेवलंय. तुला जो नंबर पाठ आहे, तोच.

आमच्यात यासाठी एक रीत आहे. आम्ही तिला 'गावाची पाळी' म्हणतो. ज्याचं गाव समोरून जात असेल त्याने हातातलं काम सोडून वरच्या उघड्या डेकवर जायचं आणि बाकीच्यांनी त्याचं काम ओढायचं. कुणी विचारत नाही, कुणी उपकार मानत नाही. माझ्या जागी सेबूचा क्रिसांतो उभा राहणार आहे. लाँड्रीत माझ्या हाताखाली आहे, जिभेने मात्र कुणाच्या हाताखाली नाही. इलोकानो माणूस म्हणजे चिक्कू, ही इथली ठरलेली थट्टा; परवा सगळ्यांसमोर म्हणाला, "हा इलोकानो फोन फ्लाइट मोडवर ठेवत नाही, बंदच ठेवतो. बॅटरी खर्च होईल ना!"

बंदरांतून मी खूपदा फोन केले. परका नंबर दिसला की तू उचलत नाहीस, असं पुरिंगने नाताळच्या पत्रात लिहिलं. त्याच पत्रात तिने लिहिलं की नानांग आता आठवड्यातून दोनच दिवस पोटच्या मुलांना ओळखते, आणि डॉक्टर पुढच्या नाताळाचं काही बोलत नाहीत. माझा करार डिसेंबरपर्यंत आहे.

घर टेकडीच्या आडोशाला आहे, तिथे सिग्नल पोचत नाही. चॅपेलच्या अंगणात पोचतो. मनोंग, थोरला भाऊ म्हणून तुलाच सांगतो, तिला तेवढं तिथवर आण. माझ्याशी बोलू नकोस. फोन तिच्या कानाला लाव आणि बाजूला हो.

बाप गेला त्या वेळी, तातांगच्या वेळी, मी भर समुद्रात होतो, फोन बंद होता, रोमिंगचा खर्च झेपणारा नव्हता. ते तुला माहीतच आहे.

सेन्यो


४ फेब्रुवारी
सुलू समुद्रात

मनोंग तिनो,

काल नऊ वेळा फोन केला. नऊ वेळा पूर्ण वाजला.

नेस्तोरने पत्र तुझ्या हातात दिलं असं त्याने कळवलंय. तू त्याला पाणी दिलंस, वर सुकी मासळीही बांधून दिलीस. वाचून बरं वाटलं.

हवा स्वच्छ होती. साडेचारलाच क्रिसांतोने माझ्या हातातून चादर काढून घेतली. "जा मनोंग, तुमची पाळी. आणि आईला सांगा, मी तुमच्यापेक्षा सरळ घडी घालतो." आमचं काम पाण्याच्या पातळीखाली चालतं, तिथे दिवस की रात्र कळत नाही. सात जिने चढून वर आलो तर डोळे दिपले. टेकडी ओळखली. टॉवर दिसला, त्याच्याखाली पांढरा ठिपका, ते चॅपेल असणार. यादीत आपल्या कंपनीचं नाव आलं. त्यावर बोट ठेवलं. पहिल्यांदा फोनची घंटा वाजली तेव्हा मी टोपी काढली. का, ते मलाही सांगता येणार नाही.

पावणेसहाला टेकडी मागे सरकली. क्रिसांतो घाम पुसत वर आला.

"काय म्हणाली आई?"

"झोपली होती."

"पंचेचाळीस मिनिटं?"

"म्हातारं माणूस आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखी जीभ चालवली नाही. नुसता म्हणाला, "इलोकानो, खोटं बोलायलासुद्धा तुम्ही कंजूस आहात." मग शर्टाच्या खिशातून एक उकडलेलं अंडं काढून माझ्या हातात ठेवलं आणि खाली गेला.

मी रागावलेलो नाही, एवढं कळवायला बसलो होतो. पण लिहिता लिहिता दुसरंच काही समोर येतंय. काल रेलिंगला टेकून मी वाट पाहत होतो, कुणीतरी एक शब्द बोलेल म्हणून. ती पाऊण तासाची गोष्ट. तेवढ्यात मी कितीदा घड्याळ पाहिलं. तू अकरा दिवस थांबला होतास. मयत घरात असेतो जळत ठेवायचा तो दारापुढचा ओंडका विझू न देता, घरात तातांगना ठेवून.

आज एवढंच.

सेन्यो


१५ फेब्रुवारी
हाँगकाँग

मनोंग तिनो,

परवा सोमवारी जहाज पुन्हा गावासमोरून जाईल. मी फोन करणार नाही. हे पत्र तुझ्या हातात पडण्याआधी तुझ्याशी किंवा नानांगशी बोललो, तर ते पुन्हा जुन्या खोट्यावर उभं राहून बोलणं होईल. आता माझा लिफाफा तू चुलीत घालणार नाहीस असं धरतो, पण टपालाला दोन आठवडे लागतात. म्हणून ३ मार्च.

तातांग गेले तेव्हा मी भर समुद्रात नव्हतो.

आमचं जहाज मेक्सिकोच्या एका बंदराला लागलं होतं. त्या दिवशी दुपारी मला दोन तासांची सुट्टी होती. धक्क्याबाहेर एक टोप्या विकणारं दुकान आहे. त्याच्यासमोर लाकडी बाक आहे, आणि त्या बाकावर दुकानाचं इंटरनेट येतं. सगळे खलाशी तिथे बसतात. एक सरबत घेतलं की कुणी उठवत नाही. मी बसलो, फोन उघडला आणि पुरिंगचा निरोप आला. "तातांग पहाटे गेले. मनोंग म्हणतो तुझ्यासाठी थांबू. कधी येतोस?"

मी तो वाचला. दोनदा वाचला.

माणसांची व्यवस्था पाहणारा आमचा अधिकारी त्याच रस्त्याच्या पलीकडे बायकोसाठी कानातलं घेत होता. आईवडील गेले तर कंपनी तिकीट देते. मला रस्ता ओलांडायचा होता, एवढंच. पण लाँड्रीचे जुने प्रमुख त्या महिन्यात सोडून चालले होते आणि त्यांच्या जागी कोण, ते पंधरा दिवसांत ठरणार होतं. मी एकोणीस वर्षं वाफेत काढली होती. घरी गेलेल्याचं नाव यादीतून गळतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मी ठरवून काही केलं नाही, मनोंग. तेच मला आज जास्त भयंकर वाटतं. मी फक्त उत्तर संध्याकाळवर टाकलं. फोन फ्लाइट मोडवर टाकला आणि खिशात ठेवला. संध्याकाळी वाटलं, आता उशीर झाला, उद्याच्या बंदरातून नीट लिहू. दुसऱ्या दिवशी वाटलं, कालच का लिहिलं नाही म्हणून तू विचारशील. तिसऱ्या दिवशी तर उत्तरापेक्षा उत्तराचा उशीरच मोठा झाला होता. रोज तो वाढत गेला आणि रोज मी त्याच्यामागे लपलो. ओंडका जळतोय हे मला माहीत होतं. मी येईपर्यंत तू तो विझू देणार नाहीस, हेही. खाली चादरींच्या ढिगाशी उभा राहून मी म्हणायचो, आज चौथा दिवस, आज सातवा. रविवारी जेवणाच्या खोलीत आमची प्रार्थना झाली तेव्हा तातांगच्या आत्म्यासाठी मी गुडघे टेकले. फोन त्या वेळीही खिशात होता, बंद. "नका थांबू" एवढे दोन शब्द लिहिले असते तरी तू त्यांना मातीत ठेवू शकला असतास.

बाराव्या दिवशी फ्लोरिडाहून मी लिहिलं की जहाज समुद्रात होतं, रोमिंगच्या भीतीने फोन उघडला नव्हता, आत्ताच कळलं. सगळ्यांनी मानलं. इलोकानो माणूस पैसा वाचवण्यासाठी फोन बंद ठेवतो, यात न मानण्यासारखं काय होतं? तू माझ्याशी बोलणं टाकलंस तेही कंजूषपणाच्या रागानेच, असं मी धरून चाललो. तो राग मला परवडला. खरं कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी केला नाही.

त्या बाकावर एक पैसा लागत नव्हता.

प्रमुखाची जागा मला मिळाली. दफनानंतर तुम्ही सगळ्यांनी दुखवट्याच्या रीतीप्रमाणे नदीवर जाऊन जळक्या पेंढ्याच्या पाण्याने केस धुतले असतील. माझे राहिले. मी दिवसाचे बारा तास साबणाच्या वाफेत उभा असतो, आणि माझे राहिलेच.

नानांगला हे मी माझ्या तोंडाने सांगणार आहे. ती माणसं ओळखतेय तोवर सांगायला हवं. ३ मार्चला तिला अंगणात आण.

सेन्यो


५ मार्च, राखेचा बुधवार
सुलू समुद्रात

मनोंग तिनो,

तुझ्या बाजूला काय झालं ते तुला माहीत आहे. माझ्या बाजूचं लिहितो.

सोमवारी वारा होता. पाच वाजून दोन मिनिटांनी मी पहिल्यांदा फोन लावला आणि तू पहिल्याच घंटेला उचललास. मी नऊ घंटांची तयारी करून आलो होतो. एका घंटेची नव्हती.

"कोण?" तू म्हणालास.

"मी. सेन्यो."

"माहीत आहे. नंबर जुनाच आहे."

"पत्र मिळालं?"

"मिळालं. त्यात नवीन काय होतं?"

तेव्हा मी रेलिंग धरलं. डेकवरच्या पोरांनी गंज खरवडून नवा रंग दिलाय त्याला, तो अजून ओला होता. माझ्या तळहातावर पांढरा पट्टा उमटलाय, अजून जात नाही.

तू म्हणालास, "पुरिंगच्या फोनवर खूण आली होती, वाचल्याची. त्याच दिवशी. मी ती खूण घेऊन अख्ख्या गावात फिरलो. म्हटलं, बघा, सेन्योने वाचलंय. उत्तर नाही म्हणजे निघालाय. विमानात फोन बंद ठेवतात. पाचव्या दिवशी म्हटलं, एखादं विमान चुकलं असेल. नवव्या दिवशी पाद्री आले, म्हणाले, तिनो, आता पुरे. मी त्यांनाही खूण दाखवली. त्या खुणेवर मी बापाला अकरा दिवस ठेवलं, अदिंग. तू वाचलंच नसतंस, तर तिसऱ्या दिवशी पुरलं असतं."

दोन वर्षांत तू मला अदिंग म्हटलं नव्हतंस. म्हटलंस तेही या वाक्यात. तुझ्या तोंडून धाकटा भाऊ हा शब्द ऐकला आणि पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. तू बहुधा दोनदा सांगितलंस.

"तीन फेब्रुवारीला मी इथेच होतो. फोन हातात होता. वाजू दिला. सतराला मात्र तिला पाठीवर घेऊन वर आणली. चांगला दिवस होता तिचा. जहाज दिसलं. तिला म्हटलं, आता वाजेल. जहाज गेलं. वाजला नाही."

"मी पत्रात लिहिलं होतं की..."

"पत्र सत्तावीसला आलं. असू दे. थांबायची सवय आहे आम्हाला."

मनोंग, मी त्या सोमवारी वर उभा होतो. फोन खिशात ठेवून टेकडीकडे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो की आज प्रथमच मी सरळ वागतोय. आणि त्याच वेळी ती तुझ्या पाठीवर होती. माझ्या शहाणपणाने तुम्हाला पुन्हा ताटकळत ठेवलं.

"नानांगला दे," मी म्हटलं. "मी तिला सगळं सांगतो."

"खबरदार!" तू इतका मोठ्याने ओरडलास की शेजारी उभा असलेला स्वयंपाकी वळून पाहायला लागला. मग आवाज खाली आणलास. "दोन वर्षं ती भेटेल त्याला सांगतेय. माझ्या सेन्योचं जहाज अशा समुद्रात होतं की तिथे टॉवरच नाही, बिचारा करणार काय. शुद्धीवर असते त्या दोन दिवसांत ती या एवढ्यावर उभी असते. तुला तुझं मन हलकं करायचंय, म्हणून तिच्या हातातली काठी काढून घेणार? माझ्याजवळ बोललास, बास. ते आपल्या दोघांत राहील. आपण वाहू."

"मग तिच्याशी बोलू काय?"

"चादरींचं बोल. चादरी आवडतात तिला."

मग ती आली. "सेन्यो! सेन्यो! लवकर बोल, पैसे पडतील!"

"नाही पडत, नानांग. मी आपल्याच टॉवरवर आहे. तुझ्या समोर. समुद्राकडे बघ."

"मला कुठलं दिसतंय! तिनो म्हणतो पांढरं काहीतरी आहे, तेच का तू?"

"तेच."

"बारीक झालास का रे?"

मी सांगितलं, जाड झालोय. मग चादरींचं सांगितलं. रोज तीन हजार, वर टॉवेल वेगळे.

"देवा! नीळ घालता?"

"नाही."

"उन्हात वाळवता का?"

"ऊन कुठलं, नानांग! यंत्रात वाळतात."

"मग पिवळ्याच पडणार. एवढं मोठं जहाज आणि वाळत घालायला दोरी नाही! तुझ्या साहेबाला दे माझ्याकडे."

"साहेब मीच आहे, नानांग."

"तू?" ती हसली. खूप वेळ हसली, मग खोकला आला, तुझा हात तिच्या पाठीवर फिरल्याचा आवाज मला ऐकू आला. खोकला थांबल्यावर ती हळू बोलली. "तातांगच्या वेळी असा टॉवर समोर असता, तर तू आला असतास."

तू तिथेच उभा होतास, मनोंग. मी काय म्हणालो ते तू तिच्या चेहऱ्यावरून पाहिलं असशील.

"हो, नानांग. आलो असतो."

"मी सांगते सगळ्यांना," ती म्हणाली.

मला वाटलं होतं की खरं सांगणं कठीण असतं. पत्र लिहिताना वाटलं, आता याहून कठीण काही उरलं नाही. खोटं तर मी दोन वर्षं सहज बोललो होतो. पण तुझ्या सांगण्यावरून, तुझ्या देखत, तिच्या सुखासाठी बोललेलं ते एक वाक्य मला त्या पत्राहून जड गेलं. याला पाप म्हणायचं की प्रायश्चित्त, ते मला कळत नाही. आज सकाळी आमच्यातल्या एकाने मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची झावळी जाळून सगळ्यांच्या कपाळाला राख लावली. जहाजावर पाद्री नाही, आम्हीच एकमेकांना लावतो. माझ्यापुढे आला तेव्हा हेच मनात होतं.

नानांग म्हणाली, "आता तिनोला देते. त्याला बोलायचंय, तोंडावरूनच दिसतंय." आणि फोन पुन्हा तुझ्याकडे आला. टेकडी तोवर बाजूला सरकायला लागली होती.

तू विचारलंस, "त्या दिवशी, त्या बाकावरून उठून जहाजावर गेलास. मग जेवलास?"

"जेवलो."

"काय होतं?"

"भात. कोंबडीचा अदोबो. दोनदा वाढून घेतला."

माझ्या कानात फक्त वारा होता. तुझ्याकडचा की माझ्याकडचा, कळत नव्हतं.

"नाही जेवलो, असं म्हणता आलं असतं तुला," तू म्हणालास.

"हो."

त्यानंतर तू काही बोलला नाहीस. मीही नाही. क्रिसांतो वर आला, मी हात वर केला तशी तो तोंडावर बोट ठेवून तिथेच थांबला. तुझ्या बाजूला एक कुत्रं भुंकलं. नानांगने विचारलं, कुणाचा फोन आहे, आणि तू म्हणालास, "सेन्योचा." थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, आणि तू पुन्हा तेच सांगितलंस. मग चॅपेलची घंटा, मग पुरिंगच्या चपला. फोनवरच्या चार रेषांच्या तीन झाल्या, मग दोन. मी डेकच्या मागच्या टोकापर्यंत चालत गेलो, तुझ्या बाजूला जेवढं जाता येईल तेवढं. तिथे साखळी आहे, पुढे जाऊ देत नाहीत. तुझा श्वास ऐकू येत होता.

सहाला सात मिनिटं कमी असताना टेकडी डोंगराच्या नाकामागे गेली. शेवटची दहा-बारा मिनिटं आपण एक शब्दही बोललो नव्हतो, आणि तू फोन ठेवला नाहीस. किनारा संपला, म्हणून तो तुटला.

तुझा अदिंग,
सेन्यो